रात्रीच्या झोपेची तयारी सकाळी

झोप येत नाही म्हणून माणूस जे जे करतो, ते बहुतेक रात्री करतो. नऊलाच अंथरुणावर पडतो, डोळे गच्च मिटून घेतो, कूस बदलतो, मोबाइलवर किती वाजले ते बघतो, उरलेले तास मोजतो. तास कमी होत जातात तशी तळमळ वाढत जाते. झोप बळाने आणता येत नाही. तिच्या मागे लागलं की मन आणखी जागं होतं. आपल्या हातात दुसऱ्याच गोष्टी आहेत. सकाळी उठण्याची वेळ, डोळ्यांवर पडणारा उजेड, दिवसभराची हालचाल, चहाचा शेवटचा कप आणि अंथरुणात काढलेले तास. यातल्या बहुतेकांचा निकाल अंधार पडण्याआधीच लागलेला असतो. म्हणून निद्रानाशाचा इलाज मी सकाळपासून सांगणार आहे.

आणि तो नांदेड-लातूरकडच्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून सांगणार आहे. खोली थंड ठेवा, शांत ठेवा, अंधारी ठेवा, हा सल्ला खोटा नाही. पण मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेलेला असतो, स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकत असतो, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री फेज लाइट रात्रीच येणार असते. अशा घरात तेवढ्या सल्ल्याने भागत नाही. इथली झोप ज्या कारणांनी मोडते, त्या कारणांतूनच वाट काढावी लागेल.

आधी भीती बाजूला ठेवू. लग्नाच्या घाईत, राशीच्या दिवसांत, घरात कुणी आजारी असताना चार-दोन रात्री झोप उडाली, तर तो आजार नव्हे. आठवड्यातून किमान तीन रात्री, आणि असं तीन महिने चाललं, संधी असूनही झोप लागत नाही किंवा टिकत नाही, आणि त्याने दिवसाची कामं बिघडू लागली, तर त्याला डॉक्टर जुनाट निद्रानाश म्हणतात. प्रौढ माणसाला साधारण सात तास झोप लागते. वय वाढतं तशी झोप हलकी होते, रात्री दोन-तीनदा जाग येते. पासष्टीच्या आजोबांना पहाटे चारला जाग येत असेल, ते रात्री नऊला झोपलेले असतील आणि दिवसभर टवटवीत असतील, तर त्यांना कसलाही निद्रानाश नाही. त्यांना गोळी देऊ नका.

झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे झोपेची भूक. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि जितका वेळ आपण जागे, तितकी ही भूक वाढते. संध्याकाळी सहाला तासभर डुलकी घेतली की ती अर्धी मारली जाते, मग रात्री अंथरुणावर पडून उपयोग काय? दुसरी गोष्ट शरीराचं घड्याळ. पेशींच्या आत ते कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रोसबाश आणि यंग या तीन संशोधकांना २०१७चं नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज थोडं इकडेतिकडे सरकतं आणि सकाळच्या उजेडाने जागेवर येतं. सकाळी डोळ्यांवर उजेड पडला की रात्री किती वाजता झोप यायची, हे तेव्हाच ठरू लागतं.

म्हणून पहिलं काम हे. उठण्याची एकच वेळ ठरवा आणि ती रोज पाळा. रात्री झोप लागली असो वा नसो, रविवार असो वा अमावस्या, साडेपाच म्हटलं की साडेपाच. सगळ्या उपायांतला हा सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. लोक नेमकं उलट करतात. रात्र वाईट गेली म्हणून सकाळी आठपर्यंत पडून राहतात, आणि त्या रात्री झोप बारालाही येत नाही. झोपण्याची वेळ एकदम बदलता येत नाही. उठण्याची वेळ मात्र गजर लावून बदलता येते, आणि तिच्यामागून झोपण्याची वेळ आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप येते.

उठल्यावर अर्धा तास बाहेर. शेतावर जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. शहरातल्या माणसाला सांगावं लागतं, कारण घरातला ट्यूबलाइटचा उजेड आपल्याला लख्ख वाटला तरी बाहेरच्या सकाळच्या उजेडापुढे तो फारच थोडा असतो. नांदेडला गोदावरीच्या घाटांवर फिरा, नाही तर नुसत्या गच्चीवर खुर्ची टाकून चहा घ्या, पण आकाश दिसलं पाहिजे. थंडीत उशिरा उजाडतं, तेव्हा दिवस वर आल्यावर बाहेर पडा. यातच चालणंही उरकून घेता येतं. रोज तीस-चाळीस मिनिटं घाम येईल असं चालणाऱ्याची झोप गाढ होते. मात्र दमवणारा व्यायाम झोपण्याच्या अगदी आधी नको.

दुपारच्या झोपेवरून आपल्याकडे वाद होतात. चरकसंहिता आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ मानते. दिवसा झोपण्याबद्दल ती कडक आहे, पण उन्हाळ्यात रात्री लहान असतात म्हणून ग्रीष्म ऋतूत दुपारी झोपायला तिची हरकत नाही. मराठवाड्यातल्या उन्हात हे पटण्यासारखं आहे. बारा ते चार बाहेर पडूच नये अशा दिवसांत जेवून आडवं होणं हे शहाणपण आहे. पण ज्याला रात्री झोप लागते त्याच्यासाठी. निद्रानाश असलेल्याने काही आठवडे दुपारची झोप सोडून द्यावी. अगदीच डोळे मिटू लागले, तर तीनच्या आत, वीस मिनिटांचा गजर लावून, आणि शक्यतो खुर्चीत बसून.

चहाबद्दल लिहिताना मला वाईट वाटतं, कारण आपल्याकडे चहा हा पाहुणचार असतो. चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. तरी सांगितलंच पाहिजे. चहा-कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं आणि शरीरातून त्याचा निम्मा भाग जायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असतं. 'मला चहाने काही होत नाही, चहा पिऊनही मी झोपतो' असं म्हणणाऱ्याला झोप लागतेही, पण ती उथळ असते. दुपारी दोननंतर चहा नको. पाहुण्याबरोबर कप हातात धरायचाच असेल, तर सब्जाचं सरबत किंवा ताक घ्या.

तंबाखूकडे तर झोपेचा शत्रू म्हणून कुणी बघतच नाही. निकोटिन मेंदूला उत्तेजित करतं. जेवणानंतर चुना-तंबाखूची चिमूट, रात्री पुडी, आणि बायकांची झोपण्याआधीची मिसरी, हे सगळं झोप उडवणारं आहे. रात्री दोनला जाग येते आणि चिमूट लावल्याशिवाय पुन्हा झोप लागत नाही, असं सांगणारी माणसं भेटतात. ती जाग बहुधा तंबाखूची तलफच आणते. दारूची गोष्ट वेगळी. तिने झोप पटकन लागते, पण उत्तररात्री ती मोडते, घोरणं वाढतं आणि सकाळी अंग जड असतं. झोपेसाठी थोडी घेतो म्हणणारा माणूस थोड्यावर राहत नाही.

आता रात्रीकडे येऊ. संध्याकाळचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी आटोपावं. आपल्या खेड्यांत दिवेलागणीला जेवायची रीत होती. टीव्हीच्या मालिकांनी जेवण दहावर नेलं. झणझणीत कालवण आणि भाकरी खाऊन लगेच आडवं झालं की जळजळ, ढेकर, आणि झोप दूर. झोपण्याच्या दीड तास आधी कोमट पाण्याने दहा मिनिटं आंघोळ करा. कोमट पाण्याने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं. ते उतरणं हाच झोपेचा इशारा असतो. पाण्याचा तुटवडा असेल तर बादलीत पाय बुडवून बसलं तरी चालेल. तळपायाला तेल चोळण्याची आजीची सवयही याच कामाची. चरकानेही झोपेसाठी अभ्यंग, स्नान, अंग चेपणं, म्हशीचं दूध, मनाला रुचणारे गंध आणि आवाज, सुखाचं अंथरूण असे उपाय सांगितले आहेत. कोमट दुधाने झोप येतेच याचा पुरावा तोकडा आहे, पण रोज त्याच वेळी त्याच क्रमाने केलेल्या गोष्टी मेंदूला झोपेची वेळ कळवतात. ज्या घरात रात्री हरिपाठ होतो त्या घराने तो सोडू नये. मोबाइलवर रील बघत झोपण्यापेक्षा तो कितीतरी बरा. मोबाइल दुसऱ्या खोलीत, चार्जिंगला. गजरासाठी साधं घड्याळ विकत आणा.

एवढं करूनही झोप लागली नाही तर? इथे मी सांगतो ते नियम वाचायला विचित्र वाटतात, पण औषधाविना झोप सुधारण्याच्या पद्धतीत त्यांचाच गुण सर्वांत जास्त. डॉक्टर या पद्धतीला सीबीटी-आय म्हणतात, आणि अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच पद्धत वापरा असं स्पष्ट सांगितलं. तिचा एक नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२मध्ये मांडला. अंथरूण फक्त झोपेसाठी. झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, आणि आडवं झाल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठायचं. घड्याळ बघून वीस मिनिटं मोजायची नाहीत, मन तळमळू लागलं की उठायचं. मंद उजेडात बसायचं, काही तरी शांत करायचं, वाती वळा, शेंगा सोला, जुना दिवाळी अंक चाळा, आणि डोळे जड झाले की परत. एका रात्रीत चारदा उठावं लागलं तरी चारदा उठायचं. महिनोन्महिने अंथरुणात जागून मेंदूने अंथरुणाची आणि तळमळीची गाठ मारलेली असते. ती अशी सुटते.

'उठून दुसऱ्या खोलीत जा' असं पुस्तकात लिहिलेलं असतं. दोन खोल्यांत सहा माणसं झोपतात तिथे दुसरी खोली कुठून आणायची? गरज नाही. अंथरुणाशेजारी वेगळी सतरंजी टाका आणि तिच्यावर बसा, ओसरीवर या, उंबऱ्याशी बसा. जागा वेगळी असली आणि बसलेले असलात की झालं.

दुसरा नियम आर्थर स्पीलमन यांनी १९८७मध्ये मांडला, तो ऐकून लोक दचकतात. अंथरुणातले तास वाढवू नका, कमी करा. समजा तुम्ही दहाला पडता, सहाला उठता, म्हणजे आठ तास अंथरुणात, पण खरी झोप साडेपाच तासच. तर उठण्याची वेळ साडेपाच ठेवा आणि बाराच्या आधी आडवे होऊच नका. साडेपाच तासांची झोप साडेपाच तासांच्याच चौकटीत बसवायची. पहिले सात-आठ दिवस जड जातात, दिवसा पेंग येते. पण झोपेची भूक साचते आणि पडल्या पडल्या डोळा लागू लागतो. आठवडाभर अंथरुणातल्या वेळेपैकी पंच्याऐंशी-नव्वद टक्के वेळ झोपेत गेला, की झोपण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. पुढच्या आठवड्यात पुन्हा पंधरा मिनिटं. पाच तासांपेक्षा चौकट कधीही लहान करू नका.

हा उपाय सगळ्यांसाठी नाही, हे नीट वाचा. फिट येणाऱ्यांनी, मनाचा तोल कधी खूप वर कधी खूप खाली जाण्याचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ट्रॅव्हल्सची गाडी चालवणारे, उसाचा ट्रॅक्टर हाकणारे, मळणी यंत्रावर काम करणारे यांनी हंगामात याच्या वाटेला जाऊ नये. सोयाबीनच्या राशीत यंत्रात हात जायला एक डुलकी पुरते. त्यांनी सकाळची वेळ, चहा आणि अंथरुणाचा नियम, एवढंच सुरू करावं.

उकाड्याचं काय करायचं? पूर्वी जाड भिंतींची धाब्याची घरं होती, माळवदावर बाज टाकून माणसं झोपत. आता स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो. उन्हाळ्याच्या तोंडाला गच्चीवर चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो आणि खालची खोली निवते. रोज गच्चीवर पाणी मारण्यापेक्षा हे लातूरसारख्या गावाला परवडणारं आहे. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो दमट हवाच फिरवत राहतो. दिवसा पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांवर जाड पडदा, संध्याकाळी सगळं उघडं. गच्चीवर, अंगणात झोपत असाल तर बाज आणि मच्छरदाणी, दोन्ही. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या असाव्यात. डासांसाठी तर हे आहेच, पण आपल्या भागात मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर त्याला झोप समजू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा.

पाण्याने मोडणारी झोप ही लातूरकरांची जुनी व्यथा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा रात्र-रात्र घागरी लावून बसलेल्या बायका सगळ्या देशाने पाहिल्या. आजही कित्येक वस्त्यांत काही दिवसांआड पाणी येतं आणि अवेळी येतं. ज्या बाईचे कान नळाकडे लागलेले असतात तिची झोप गाढ होऊच शकत नाही. झोपेतही ती पहाऱ्यावर असते. हे ओझं एकटीवर टाकू नका. घरात पाळी लावा: आज मुलगा, पुढच्या वेळी नवरा, नंतर ती. ज्याची पाळी नाही त्याने त्या रात्री दुसऱ्या टोकाला झोपावं. टाकीला बॉल कॉक बसवा, म्हणजे टाकी भरल्यावर उठून तोटी बंद करावी लागत नाही. शेजाऱ्यांनी मिळून पाणी आलं की एकाने उठवायचं असं ठरवलं, तर दहा घरांतली नऊ माणसं निवांत झोपतात. झोपेचा प्रश्न असा कधी कधी गल्लीने सोडवायचा असतो.

शेतकऱ्यांची गोष्ट याहून कठीण. कृषिपंपांना आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज, अशी पाळी असते. रात्री दारं धरायला जायचं, शिवाय रानडुकरांसाठी जागल. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना आली. ज्या गावांपर्यंत ती पोहोचली तिथल्या माणसाची झोपही तिने परत आणली असेल. जिथे पोहोचली नाही त्या गावांनी ती मागावी, आणि मागताना उत्पन्नाबरोबर झोपेचंही बोलावं. तोवर रात्रपाळीच्या दिवसांत एक करा. दारं धरायला निघण्याआधी संध्याकाळी दीड तास झोपून घ्या. पहाटे परत आल्यावर अंधार करून चार तास झोपा, आणि हे चार तास रोज जवळपास एकाच वेळी येतील असं बघा. घरच्यांनी त्या वेळेला मिक्सर, टीव्ही, हाका बंद ठेवाव्यात. परतताना उगवतं ऊन थेट डोळ्यांवर घेऊ नका, टोपी-उपरणं पुढे ओढा. साखर कारखान्यातल्या तिसऱ्या पाळीच्या कामगारांना, रात्रीच्या नर्सिंगच्या मुलींना आणि पोलिसांनाही हेच लागू.

लातूरचा ट्यूशन एरिया आणि नांदेडचं श्यामनगर इथल्या मुलांशी, आणि त्याहून त्यांच्या आईवडिलांशी, मला थोडं जास्त बोलायचं आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळच मुळात उशिरा सरकलेलं असतं, त्यामुळे रात्री अकराच्या आधी झोप न येणं हा आळस नव्हे. अडचण तेव्हा होते, जेव्हा हा मुलगा अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसतो आणि सकाळी साडेसहाच्या बॅचला जातो. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं काम झोपेत होतं. झोप कापून वाढवलेले दोन तास दुसऱ्या दिवशीच्या आठ तासांची धार बोथट करतात. 'पोरगं रात्री दोनपर्यंत अभ्यास करतं' हे पाहुण्यांत अभिमानाने सांगणं आईवडिलांनी थांबवावं. मुलगा किती तास बसला हे विचारण्याआधी किती तास झोपला हे विचारा.

यात आणखी एक गोष्ट आहे. नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो. वर्षभर दोन ते चार झोपून रात्री जागणाऱ्या मुलाचं शरीर नेमकं पेपरच्या वेळी झोप मागतं. परीक्षेच्या किमान सहा आठवडे आधीपासून दुपारी दोन ते पाच या वेळेत सराव पेपर सोडवायचे, रात्री अकराला झोपायचं, सकाळी सातच्या आत उठायचं. सकाळची बॅच लवकरची असेल तर तेवढंच आधी झोपायचं. वसतिगृहात एका खोलीत चारजण असतील, तर दिवा किती वाजता मालवायचा हे चौघांनी बसून ठरवावं. डोळ्यांवर सुती पट्टी आणि कानात बोळे यांत लाज कसली? अंथरुणात पडून पुस्तक वाचायचं नाही. ज्या पलंगावर मुलगा सेंद्रिय रसायनशास्त्र पाठ करतो, त्या पलंगावर त्याला झोप लागत नाही. आदल्या रात्री झोप आली नाही तर घाबरू नये. एका रात्रीच्या जागरणाने वर्षभराचा अभ्यास पुसला जात नाही, आणि हे मुलाला आधीच सांगून ठेवलं तर बहुधा त्याला झोपही लागते.

काही घरांत झोपेला भीतीने पळवलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून दमून झोपलेली गावं, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. त्या पिढीतल्या अनेकांना अजून पहाटे जाग येते, छताखाली झोपवत नाही. सप्टेंबर २०२२मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले तेव्हा, आणि २०२४मध्ये मार्चला व जुलैला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसून नांदेडपर्यंत जमीन हलली तेव्हा, ही भीती पुन्हा वर आली. अशा माणसाला 'काही होत नाही, झोप' म्हणणं निर्दयपणाचं आहे. त्यापेक्षा तयारी करा. पलंगावरच्या फळीवरून जड डबे, पेट्या काढा. उशाशी बॅटरी आणि चपला ठेवा. दारापर्यंतची वाट मोकळी ठेवा, घरातल्या सगळ्यांनी बाहेर कुठे जमायचं ते ठरवून ठेवा. तयारी झाली की मन पहारा सोडतं. तरीही तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल, घाम फुटून जाग येत असेल, तर तीस वर्षांनंतरही त्यावर उपचार होतात.

कर्ज, सोयाबीनचा भाव, मुलीचं लग्न, या काळज्यांना रात्री अंथरुणावर जागा देऊ नका. त्यांच्यासाठी संध्याकाळची वेळ ठरवा. दिवेलागणीआधी पंधरा मिनिटं एक वही घेऊन बसा. डाव्या बाजूला काळजी लिहा, उजव्या बाजूला उद्या त्यासाठी करायचं एक काम: सोसायटीत जाऊन विचारायचं, भावाला फोन करायचा, सातबारा काढायचा. काहीच करता येण्यासारखं नसेल तर तसं लिहा. रात्री तीच काळजी आली की तिला सांगता येतं, तुझी नोंद झाली आहे. लिहिता येत नसेल त्याने घरातल्या माणसाशी बोलावं. घरातल्यांनी तोडगा काढायची घाई करू नये, ऐकून घ्यावं.

जडीबुटीविषयी लोक विचारतात. अश्वगंधाने झोपेत थोडा फरक पडतो असं लहान चाचण्यांत दिसलं आहे. पण गर्भवतींनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी ती घेऊ नये, आणि थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. जायफळ दुधात चिमूटभर उगाळलेलं चालतं. गुण येईना म्हणून अख्खं जायफळ घातलं तर छातीत धडधड, उलट्या आणि भ्रम होतो. बाजारातली बिननावाची 'झोपेची पावडर' मात्र हातात धरू नका. तिच्यात काय मिसळलं आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

झोपेच्या गोळ्यांचं यापेक्षा गंभीर आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या एच-१ अनुसूचीतल्या आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. जुनी चिठ्ठी दाखवून, ओळखीने त्या वर्षानुवर्षं आणल्या जातात. काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय होते, म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊन खुबा मोडतो, विसराळूपण वाढतं. पण हा लेख वाचून त्या एकदम बंद करू नका. अचानक सोडल्या तर फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने कमी करायच्या असतात, आणि वर सांगितलेले नियम त्याच वेळी सुरू ठेवले तर त्या सुटतात.

घरगुती उपायांत वेळ घालवू नये अशा काही खुणा आहेत. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, गुदमरून उठणं आणि दिवसा बसल्या जागी झोप लागणं: हा झोपेतल्या श्वासाचा आजार असतो आणि त्याने रक्तदाब वाढतो. संध्याकाळी पायात मुंग्या, वळवळ, पाय हलवल्याशिवाय चैन नाही: रक्त आणि लोह तपासा, आपल्याकडच्या बायकांत हे कारण हमखास सापडतं. पाळी जाण्याच्या वयात रात्री अंग पेटतं, घाम येतो: सहन करत बसू नका, त्यावर औषध आहे. लघवीला चार-चारदा उठावं लागत असेल तर साखर तपासा. रक्तदाबासाठी लघवीची गोळी असेल तर ती सकाळी घेता येईल का ते विचारा. आणि रोज पहाटे तीन-चारला जाग येऊन मन काळवंडत असेल, कशात रस उरला नसेल, जगणं नको वाटत असेल, तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. झोपेसाठी तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे.

जाताना दोन आठवड्यांचा कागद सोबत न्या. रोज सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहायचं: किती वाजता पडलो, झोप साधारण कधी लागली, किती वेळा उठलो, सकाळी कधी उठलो, दुपारी झोपलो का, शेवटचा चहा किती वाजता, तंबाखू किती, कोणत्या गोळ्या. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. घोरण्याबद्दल शेजारी झोपणाऱ्याला विचारून लिहायचं. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, आणि या कागदावरून त्या पाच मिनिटांत त्यांना पुष्कळ कळतं.